दादाची आरती कुठे अडते

मी तापट आहे, असं आमच्या पार्श्यात, अख्ख्या गावात कुणालाही विचारा, तो हसून मान हलवील. पण मला सांगा, हार्ड डिस्कचं काम एकच, वाचायचं. आणि तीच जर पहिलीतलं पोर काना-मात्रा लावत वाचतं तशी वाचायला लागली, तर माणसाने काय तिला ओवाळायचं?

आधी हा डबा काय ते सांगतो. डबा हे नाव माझ्या बायकोने, कमलाक्षीने ठेवलेलं. डिचोलीला एका खाण कंपनीच्या ऑफिसात मी कंप्युटर सेक्शनला होतो. खाणी बंद पडल्या, आम्ही घरी बसलो, आणि ऑफिसातलं जुनं सामान मोडीत निघालं तेव्हा त्यातला एक कंप्युटर मी घरी घेऊन आलो. त्यात चार हार्ड डिस्क बसवल्या, मॉनिटर काढून टाकला आणि आतल्या खोलीत खिडकीखाली ठेवला. घरातले सगळे फोटो, सगळे व्हिडिओ त्याच्या पोटात. टीव्ही असो, लॅपटॉप असो, मोबाईल असो, ज्याला जे बघायचं ते त्याने डब्यातून मागायचं आणि डब्याने वाचून द्यायचं. निदान ठरलं तरी तसं होतं.

या डब्यात चढवलेली खरी पुंजी म्हणजे बाबलीच्या व्हिडिओ टेपा. बाबली आमचा चुलतभाऊ, तेव्हा कुवेतला होता. सत्त्याऐंशीच्या चतुर्थीला तो खांद्यावर बंदुकीएवढा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला आणि आमच्या घरचा दीड दिवसाचा गणपती त्याने अख्खा टिपला. काय साल होतं ते! मे महिन्यात गोवा राज्य झालेलं, त्याआधी राजभाषेवरून घराघरांत तोंडं फिरलेली. आमच्या घरात आरत्या मराठीत, भांडणं कोंकणीत आणि शिव्या दोन्ही भाषांत. माझे बाबा आणि बाबलीचे बाबा सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते, पण चतुर्थीला देवावरची फळापानांची माटोळी बांधायला दोघे एकाच शिडीवर. टेपेत तो अबोला अजून दिसतो. एक जण वरून हात खाली करतो, दुसरा न बघता त्या हातात सुपारीचा घोस देतो.

आणि टेपेत दादा आहे. माझा थोरला भाऊ, कृष्णनाथ. डोक्यावर केसांचं रान, मांडीवर घुमट, म्हणजे आमचं एका तोंडाला चामडं चढवलेलं मातीचं वाद्य, आणि आवाज! दादा सरकारी बसवर कंडक्टर होता, पेडणे-वास्को लाईनला. ‘धारगळ, धारगळ!’ असं तो हायवेवर ओरडला की बसमध्ये झोपलेला माणूस धारगळचा नसला तरी उठून उभा राहायचा. तो आवाज चतुर्थीला घरच्या आरतीला लागायचा. घरची म्हणजे आमच्या आजोबांनी रचलेली, दुसरीकडे कुठे म्हणत नाहीत. ‘पाटावर बैसला पार्श्याचा गणराज, माटोळीच्या फळां चढला नवा साज’, अशी ती सुरू होते. सगळ्या आरत्या झाल्या की शेवटी ती. पुढे दादा, मागे आम्ही सगळे. बाबांनी ती दादाकडे दिल्यापासून दुसऱ्या कुणी उचललेली मला आठवत नाही.

गेल्या दिवाळीनंतर दादाला झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे काय, सगळं कळतं त्याला, शब्द आत तयार असतो, पण दाराशी येऊन अडतो. मला ते बघवत नाही. म्हणून तो बोलायला लागला की शब्द मीच पुरा करतो. एकदा अंगणाकडे बोट दाखवून म्हणाला, “पा… पा…” मी म्हटलं, पाणी? पाव? पान? पाववाल्या पदेराला हाक मारू? तोवर पाऊस आला आणि दोरीवरचे सगळे कपडे भिजले. दादाने कपाळावर हात मारून घेतला. मालतीवहिनी, म्हणजे दादाची बायको, मला म्हणाली, “भावजी, तेंका बोलाक दिया हो वायच.”

मी म्हटलं, “वहिनी, त्याला त्रास होतो म्हणून तर मी बोलतो!”

“त्रास तेंका होता की तुमका?” वहिनी म्हणाली आणि कपडे काढायला गेली.

श्रावणात मला वाटलं, दादाला त्याचा जुना आवाज ऐकवावा. माणूस खूश होईल. त्याला खुर्चीत टीव्हीसमोर बसवलं, आणि डब्यातून बाबलीची टेप लावली. दादा पुढे वाकून बघत होता. आई पडद्यावर आली तेव्हा त्याने डावा हात उचलून तिच्याकडे दाखवलं. बाबा आले, बाबली स्वतः आरशात कॅमेऱ्यासकट दिसला, त्यावर दादा हसलासुद्धा. मग घरची आरती लागली. पडद्यावरच्या दादाने घुमटावर थाप मारली, मान वर केली आणि सुरू केलं, “पाटावर बैसला पार्श्याचा गण… गण…”

अडकलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. तिथे तिशीतला दादा तोंड उघडून थांबलेला, इथे साठी उलटलेला दादा तोंड उघडून थांबलेला. मी रिमोट दाबतोय, चक्र फिरतंय. मग पुन्हा ‘गण’, आणि पुन्हा बंद. दादाने डाव्या हाताने तोंड झाकलं, उठला, आणि भिंत धरत धरत बाहेर ओसरीवरच्या बाल्कांवात जाऊन बसला. आमच्याकडे पाठ करून.

वहिनी म्हणाली, “तुमच्या मशिनीन पण तेंची नक्कल केल्यान.”

शब्द लागला मला. एवढा लागला की मी रागाने डब्याला लाथ मारायला निघालो होतो, कमलाक्षीने हात धरला म्हणून राहिलो. तिथेच मी ठरवलं, चतुर्थीला दादाचा आवाज या घरात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही न अडता ऐकू आला पाहिजे. त्याच्या पोरासमोर, पाहुण्यांसमोर, देवासमोर. नाही आला तर हा डबा तेरेखोलच्या पाण्यात.

माझी मुलगी सेजल पणजीला नोकरी करते, तिला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. रविवारी आली तेव्हा म्हणाली, “बाबा, तुम्ही टेपा आहेत तशा चढवल्यात. केवढ्या मोठ्या फाईली आहेत! कॉम्प्रेस करा, दहावा हिस्सा होईल, पाण्यासारखी चालेल.”

“म्हणजे दादाचा आवाज दाबायचा?”

“दाबायचा नाही हो, थोडा…”

“थोडापण नाही!”

मग ती म्हणाली पेन ड्राईव्हवर घ्या. घेतली, तर एवढी मोठी फाईल आमच्या टीव्हीला त्यातून घेताच येईना. सेजलने हात जोडले. “मग डब्याचा स्पीड वाढवा,” म्हणाली, “पण चिडून वाढत नाही तो.”

चिडलो नाही असं म्हणत नाही, पण केलं सगळं नीट. पहिला चोर सापडला तो ऑफिसातून आणलेला जुना स्विच, डब्याला आणि टीव्हीला जोडणारा. तो मेला बैलगाडीच्या काळातला. म्हापशाला जाऊन नवा आणला, वायरी नव्या टाकल्या. स्पीड वाढला, पण अधूनमधून गचका बसेच. मग डिस्का एकेक करून तपासल्या. एक डिस्क म्हातारी झालेली, तोच तो तुकडा पुन्हा पुन्हा वाचत बसायची, ती काढून नवी बसवली. बाकीच्या इतक्या भरलेल्या की एका टेपेचे तुकडे सतरा ठिकाणी विखुरलेले. डिस्क म्हणजे आत गरगर फिरणारी तबकडी आणि तिच्यावर वाचणारी एक बारीक टोकाची दांडी. ती दांडी एका ओळीसाठी चार गाव हिंडून येणार, तर अडकणार नाही तर काय? मी सगळं बाहेर काढलं आणि सावकाश एका रांगेत परत ठेवलं. डब्याला सांगितलं, मागितलं तेवढंच वाचू नको, पुढचं आधीच वाचून तयार ठेव. लॅपटॉपवर स्पीडची रेघ येते, ती आधी बेडकासारखी उड्या मारायची. आता सरळ झाली, शेताच्या मेरेसारखी.

हे सगळं करताना मी टेप कितीदा बघितली असेल! आवाज बंद ठेवून बघायचो, कारण पूर्ण जमल्याशिवाय दादाच्या कानावर पडू द्यायची नव्हती. आवाज नसला की माणसं जास्त दिसतात. आई निरांजनाची वात बोटाने पुढे सारते आणि तेच बोट पदराला पुसते. एका कोपऱ्यात मी आहे, मिशी नुकती फुटलेली, कांसाळं, म्हणजे झांजा वाजवतोय आणि बेताल वाजवतोय, कारण बाबा माझ्याकडे असे बघतात की मी अजून नजर खाली करतो. फणसाच्या लाकडाचा लांब बांक, त्यावर घुमट घेऊन बसलेले चौघे. बाबांचा नियम होता, घुमट वाजवणारा जमिनीवर बसायचा नाही, बांकावर बसायचा. त्या चौघांतले तिघे गेले. मी रडलो, त्यात लाजायचं काय! आतल्या खोलीत डब्यासमोर एकटाच बसून रडलो, आणि कमलाक्षी चहा घेऊन आली तेव्हा तिच्यावरच ओरडलो की चहात साखर कमी आहे.

एकदा मागे वळून बघितलं तर दादा दारात उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. पडद्यावर तो आवाजाशिवाय गात होता.

“दादा, आता अडणार नाही,” मी म्हटलं. “चतुर्थीला बघ तू.”

“नको… ज…”

“जरा थांब, ठाऊक आहे मला,” मी म्हटलं. “काळजी करू नको.”

तो भिंत धरत निघून गेला.

चतुर्थीला घर भरलं. दादाचा मुलगा गौरेश वास्कोहून आला, बंदरात नोकरीला असतो तो. धारगळचे पाहुणे आले. आतल्या खोलीत पाहुण्यांच्या बॅगा आणि पातोळ्यांची ताटं, तिथे पाय ठेवायला जागा नाही. कुणीतरी वायरीत पाय अडकवून सगळं ओढील या भीतीने मी डबा हॉलमध्ये आणला. जमिनीवर पोरं, समया, पाण्याची भांडी. म्हणून त्याच फणसाच्या बांकाच्या टोकाला ठेवला, टीव्हीच्या जवळ, घुमटवाल्यांच्या शेजारी. वायर पण कमी लागली. चालू करून बघितलं, रेघ सरळ. कमलाक्षीने डब्यावर धुतलेलं फडकं घातलं आणि वर एक जास्वंदीचं फूल ठेवलं. सणाचा दिवस, कुणाला नको कशाला म्हणायचं!

संध्याकाळी आरत्या सुरू झाल्या. दादा देवाजवळ खुर्चीत. बांकावर गौरेश आणि वाड्यावरचे दोघे घुमट घेऊन. नेहमीच्या आरत्या दणक्यात झाल्या. मग मी हात वर केला. सगळ्यांना आधीच सांगितलं होतं, घरची आरती दादा पुढे म्हणणार टीव्हीतून, आम्ही मागे म्हणायची, आणि घुमटं साथीला. वहिनीचा चेहरा मला नीट दिसला नाही, ती कापूर लावत होती. मी रिमोट दाबला.

दादाचा आवाज आला. काय सांगू! ‘पाटावर बैसला पार्श्याचा गणराज’, गणराज पूर्ण, अख्खा, कुठे टाका नाही. हॉलमध्ये म्हाताऱ्या बायका होत्या त्यांनी डोळ्यांना पदर लावले. मी दादाकडे बघितलं आणि माझी छाती फुगली. आमच्या आरतीत दुसऱ्या ओळीला घुमटं उठतात. गौरेशने थाप मारली, बाकीच्या दोघांनी मारली. टीव्हीतला दादा म्हणाला, “माटोळीच्या फ…”

आणि चक्र.

घुमटवाले घाबरून थांबले. ते थांबले तसा टीव्ही पुन्हा चालू झाला. “चालू झालां, चालू झालां, वाजवा!” कुणीतरी ओरडलं. त्यांनी वाजवलं. पुन्हा चक्र. पडद्यावर दादा तोंड उघडून.

“शिरां पडो ह्या डब्यार!” मी देवासमोर ओरडलो. लॅपटॉप उघडला. महिनाभर मी सरळ केलेली रेघ घुमटाच्या प्रत्येक थापेला खाली कोसळत होती. थाप, आणि रेघ जमिनीवर. थाप, आणि जमिनीवर. मी डब्याकडे बघितलं. जास्वंदीचं फूल फडक्यावर थरथरत थरथरत कडेला आलं आणि बांकावर पडलं. तेव्हा डोक्यात लख्ख झालं. तीन घुमटं, तिघांचे पाय, जुनं फणसाचं लाकूड. सगळा बांक थरथरत होता, त्याच्यावर डबा, आणि डब्यातली ती बारीक दांडी तबकडीवर थरथरत होती. वाचणार कशी? महिनाभर मी तपासलं ते गपचूप, आवाजसुद्धा बंद करून. आमच्या घरात आरती घुमटाशिवाय होत नाही, हे मलाच सुचलं नाही. गाढव मी, दुसरं काय!

डबा उचलून बाजूला ठेवला की झालं. मी झेपावलो. तेवढ्यात माझा शर्ट मागून कुणीतरी ओढला. दादाने खुर्चीतूनच डाव्या हाताने शर्टाचा घोळ धरला होता.

“दादा, एक मिनिट, उचलतो, आत्ता चालू…”

“ब… ब…”

“बंद? बंद करू?”

त्याने मान हलवली आणि शर्ट आणखी ओढला. त्याचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता हा रडणार, सगळ्यांसमोर, आणि मीच त्याला रडवला.

“बाजूला? बाजूला ठेवू?”

“भावजी!” वहिनी म्हणाली. एवढंच.

मी गप्प झालो. दादाचे ओठ जुळत होते, सुटत होते.

“ब… बस,” दादा म्हणाला.

मी बसलो. बांकावर, घुमटवाल्यांच्या रांगेत, डब्याला टेकून. दादाने गौरेशकडे हात केला. गौरेशने त्याचं घुमट दादाच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला. घुमटाला दोन हात लागतात, एकाने चामड्यावर थाप मारायची, दुसऱ्याने मागचं तोंड झाकायचं-उघडायचं. बापाचा डावा हात चामड्यावर, मुलाचा हात मागच्या तोंडावर. सेजलने टीव्ही बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

थाप पडली. हलकी, ओली. बांकावरच्या दोघांनी ती हलकेच उचलली.

आणि दादाने म्हटलं, “पाटावर बैसला पार्श्याचा गणराज.”

सरळ म्हटलं! एका श्वासात! बोलताना जो माणूस ‘पाणी’ म्हणू शकत नाही त्याने अख्खी ओळ म्हटली. आवाज टीव्हीतला नव्हता. चिरका, एका बाजूने घसरलेला, पण सुरात. वहिनीने हातातला कापूर तसाच धरला होता, भाजलं तेव्हा तिला कळलं.

“माटोळीच्या फळां…”

अडला.

पुढचा शब्द ‘चढला’. हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक, धारगळच्या पाहुण्यांना ठाऊक. माझ्या जिभेच्या टोकावर तो आला, ओठाला लागला. दादा माझ्याकडे बघत होता. दुसऱ्या कुणाकडे नाही, माझ्याकडे. मी दात आवळले, जीभ चावली, खोटं सांगत नाही, रक्ताची चव आली. घुमटवाले तीच थाप फिरवत राहिले, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. कुणी हललं नाही. मी उभ्या जन्मात एवढा वेळ गप्प बसलो नसेन.

“…चढला नवा साज.”

मग जो कोरस उठला तो काय विचारता! आमच्या घराची कौलं हलली असतील. प्रत्येक कडव्याला दादा कुठे ना कुठे अडला, आणि प्रत्येक वेळी सगळं घर घुमटाच्या थापेवर थांबलं. कापूर संपला, वहिनीने दुसरा लावला, तोही संपला. लहान पोरांना भूक लागली, ती रडायला लागली, तरी कुणी घाई केली नाही. एवढी लांब आरती पार्श्यात कधी झाली नसेल.

आरती झाल्यावर प्रसाद वाटत होते. मी बांकावरच बसून होतो, ओल्या डोळ्यांनी, डब्याच्या वायरी उगाच गुंडाळत. दादाने खुर्चीतून हात केला.

“ज…”

झटका आल्यापासून तो मला हाक मारायला लागला की ‘ज’ वरच मी ‘आलो दादा’ म्हणून धावतो. माझं नाव त्याच्या तोंडून मी ऐकलंच नव्हतं तेव्हापासून. तोंडावर आलेलं ‘आलो’ मी गिळलं. हातातली वायर तशीच राहिली.

“ज… जय…”

मी थांबलो.

“जयराम,” दादा म्हणाला.